नऊ सामन्यांचा अठ्ठावीस नंबर

चूक लेखाची नव्हती, लेखातल्या तिसऱ्या परिच्छेदाची होती, असं मी अजूनही मानतो. माझी बायको विल्मा मानत नाही. तिच्या मते चूक पेनाचं टोपण काढण्यापासूनच सुरू झाली.

आमच्या लोन स्प्रूस गावात नोव्हेंबर ते मार्च दोनच जागा उबदार असतात: डोरीन मॅकॅस्किलचं कॉफीचं दुकान आणि बर्फाच्या रिंकवरची कपडे बदलायची खोली. गेल्या नोव्हेंबरात या दोन्ही ठिकाणी एकच विषय चालू होता. ब्रॉक डेलॉर्म नावाचा एक पोरगा तीन वर्षांपूर्वी आमच्या 'थ्रेशर्स' या आइस हॉकी संघातून खेळला होता आणि आता तो मोठ्या लीगमध्ये, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या, धडाधड गोल मारत होता. तेव्हा मोठे संघ करतात तसा आपणही त्याचा नंबर कायमचा बंद करावा, त्याची जर्सी रिंकच्या छताला टांगावी आणि तो नंबर पुन्हा कोणी घालू नये, असं लोकांचं म्हणणं पडलं.

अडचण एवढीच, की ब्रॉक आमच्याकडे नऊ सामने खेळला. त्याचं आधीच्या संघाशी बिनसलं होतं आणि कागदपत्रं सुटेपर्यंत तो इथे मावशीकडे येऊन राहिला होता. नऊ सामन्यांत सव्वीस गोल मारले आणि गेला. जाताना मावशीचं बर्फ ओढायचं फावडंही गाडीत राहून गेलं, हे मावशी अजून सांगते, पण तो विषय वेगळा.

मी निवृत्त शाळामास्तर. आठवड्यातून दोन दिवस गावाचं वाचनालय उघडतो आणि संघाच्या सामन्यांचे तक्ते जपून ठेवतो, कारण ते कोणीतरी जपायला हवेत आणि मला नाही म्हणता येत नाही. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकाने मला गाठून विचारलं, "चार दिवस येऊन गेलेल्या खेळाडूचा नंबर बंद करावा का? तुम्ही लिहा, तुमचं वाचन आहे."

मी लिहिलं. पहिल्या परिच्छेदात म्हटलं, करू नये. दुसऱ्यात का करू नये ते सांगितलं. मग वाचून पाहिल्यावर वाटलं, आपण फारच ठाम बोलतो आहोत. आपल्याला यातलं काय कळतं? मी आयुष्यात एकदाच स्केट घातले, तेही कुंपणाला धरून. म्हणून तिसऱ्या परिच्छेदात दुसरी बाजू मांडली: माणूस किती दिवस राहिला हे मोजतो तसं तो गेल्यावर किती दिवस आठवतो हेही मोजायला हवं. वाक्य मला बरं वाटलं. संपादकालाही वाटलं असावं, कारण त्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या जाहिराती जास्त आल्या आणि जागा कमी पडली, तेव्हा त्याने पहिले दोन परिच्छेद कापले आणि तिसरा चौकटीत छापला.

दुसऱ्या दिवशी मी कॉफी प्यायला गेलो तर डोरीन किटली हातात घेऊनच टेबलाशी आली. ती संघाची अध्यक्षही आहे. गावातल्या बहुतेक गोष्टींची ती अध्यक्ष आहे.

"मास्तर, रडवलंत हो," ती म्हणाली. "मी तर म्हणत होते, हे पुस्तकातले किडे, यांना खेळातलं काय कळणार. चुकले मी. नंबर समितीचे प्रमुख आता तुम्हीच."

"पण डोरीन, माझं मूळ म्हणणं असं होतं, की..."

"मूळ म्हणणं छापून आलंय. ते बघा, भिंतीवर लावलंय."

भिंतीवर, भोपळ्याच्या गोड पदार्थांच्या यादीशेजारी, माझा तिसरा परिच्छेद होता. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माझं लिहिलेलं भिंतीवर लावलं होतं. मी कॉफी प्यायलो आणि गप्प राहिलो. हे गप्प राहणंही विल्माच्या यादीत आहे.

शेजारी हार्वी क्लासेन रोज सकाळी त्याच्या बाजूचा बर्फ ओढून माझ्या बाजूला टाकतो आणि त्या बदल्यात सल्ला देतो. तो फावड्यावर हनुवटी टेकवून म्हणाला, "नऊ सामन्यांत नंबर बंद? मग माझ्या मेहुण्याचाही करा. तो एकच सामना खेळला आणि दोन दात ठेवून गेला. या गावाला कायमचं काही दिलं असेल तर त्याने."

"तुझं म्हणणं मी समितीपुढे ठेवतो," मी म्हणालो.

"समितीत कोण कोण आहे?"

"सध्या मीच."

समिती म्हणून पहिलं काम होतं आमच्या छोट्या लीगच्या कार्यालयाला कळवण्याचं. त्यांच्याकडे नंबर बंद करण्याचा अर्जच नव्हता. अर्ज होता तो खेळाडूचं नाव यादीतून काढण्याचा. फोनवरच्या बाई म्हणाल्या, तोच भरा, सगळे तोच भरतात. मी नावाच्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं, नंबराच्या रकान्यात '२८' लिहिलं आणि खाली सुवाच्य अक्षरात सही केली. माझी सही फार चांगली आहे. तिच्यावर कोणीही विश्वास ठेवेल.

दुसरं काम ब्रॉकला फोन करण्याचं. फोनचं मला भय आहे. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं, दोनदा नंबर फिरवून ठेवून दिला आणि तिसऱ्यांदा विल्माने फिरवून माझ्या हातात दिला. मुलगा मोठा सालस निघाला. त्याला येता येणार नव्हतं, सामने होते, पण सही केलेली स्टिक पाठवतो म्हणाला. मग त्याने विचारलं, "पण अठ्ठावीस का, सर?"

"तुझा नंबर तो. इथे खेळलास तेव्हाचा."

"अच्छा, ती जर्सी होय. ती तर त्या मोठ्या माणसाची होती. बर्फ करतो ना रिंकवर, तो. त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं म्हणून मला दिली. मी धुऊन परत दिली होती ना?"

"दिली असशील," मी म्हणालो.

"तो अजून खेळतो का?"

"खेळतो," मी म्हणालो, आणि बोलता बोलताच मला तो 'लागू नाही' लिहिलेला रकाना आठवला.

आमच्यासारख्या संघांत नंबर कोणी आवडीने घेत नाही. जर्सींचा गठ्ठा येतो तो मापाने लावलेला. दोन नंबर सगळ्यात लहान आणि आकडा वाढेल तशी जर्सी वाढत जाते. नवा खेळाडू आला की डोरीन त्याच्या खांद्यांकडे बघते आणि नंबर सांगते. अठ्ठावीस ही शेवटची आणि सगळ्यात मोठी. ब्रॉक सडपातळ होता. त्या नऊ सामन्यांत त्याच्या बाह्या चिकटपट्टीने बांधल्या होत्या आणि जर्सी मागे फडफडत होती. गावातले लोक अजून सांगतात, पोराला जसे काही पंख होते. ते पंख रिंकवर बर्फ करणाऱ्या ओरेस्ट पावल्युकचे होते.

मी वाचनालयातले तक्ते काढले. ब्रॉकच्या नऊ ओळींच्या आधी आणि नंतर, एकोणीस वर्षं, पानामागून पान, अठ्ठावीस नंबरासमोर एकच नाव: ओ. पावल्युक. मी ते तक्ते जपत होतो, वाचत नव्हतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुस्तकातल्या किड्याला याहून लाजिरवाणं काही नाही.

ओरेस्ट माझा विद्यार्थी. आता एक्केचाळीस वर्षांचा आहे. रिंकचा बर्फ तोच घालतो, तोच गुळगुळीत करतो आणि आठवड्यातून दोनदा त्यावर संघासाठी बचावाला उभा राहतो. एकोणीस वर्षांत त्याने सहा गोल केले, त्यातला एक आपल्याच जाळ्यात. अशा खेळाडूबद्दल लोक वाईट बोलत नाहीत आणि चांगलंही बोलत नाहीत. तो असतो, एवढंच.

मी रिंकवर गेलो तेव्हा तो शिडीच्या टोकाला होता.

"ओरेस्ट, खाली येतोस का? बोलायचं होतं."

"बोला ना सर, ऐकू येतंय. हे कप्पीचं एवढं बसवून घेतो. डोरीन म्हणाली, जर्सी सोहळ्यात दोरीने वर चढवायची. छताला हात लावायची परवानगी गावात माझ्याकडेच आहे."

म्हणजे तो स्वतःची जर्सी टांगण्यासाठी छताला कप्पी बसवत होता. मी मान वर करून उभा राहिलो.

"ओरेस्ट, ती जर्सी तुझी आहे."

"हो सर."

"मग तू काही बोलला का नाहीस?"

"तुमचा लेख वाचला," तो वरून म्हणाला. "चांगला होता. गेल्यावर किती दिवस आठवतो वगैरे. मला पटलं. आणि तसंही मला लीगचं पत्र आलंय. तुम्हीच पाठवलंत ना ते? तुमची सही ओळखली मी."

तो खाली उतरला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. लीगच्या कार्यालयाने अठ्ठावीस नंबर कोणाचा ते यादीत पाहिलं होतं आणि श्री. पावल्युक यांनी इतकी वर्षं दिलेल्या सेवेबद्दल आभार मानून त्यांचं नाव काढून टाकलं होतं. सोबत माझ्या अर्जाची प्रत जोडली होती.

"गुडघाही कुरकुरतोच हल्ली," ओरेस्ट म्हणाला. "पण सर, तुम्ही आधी सांगितलं असतंत तर शेवटचा सामना जरा नीट खेळलो असतो. शनिवारी मी आपला नेहमीसारखाच खेळलो."

शाळेत तीस वर्षांत मी पुष्कळ मुलांना ओरडलो असेन. कोणी मला इतकं शांतपणे फटकारलं नव्हतं, आणि त्याला फटकारायचं नव्हतं हे तर अजूनच वाईट. घरी येऊन मी विल्माला सांगितलं, की ओरेस्टला परत संघात आणल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

"तू गप्प बसलास म्हणूनच तो बाहेर गेला," विल्मा म्हणाली. "फोन कर."

मी फोन केला. या वेळी तिने नंबर फिरवून दिला नाही.

"त्याला परत घेता येईल," कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. "दहा जानेवारीच्या आत अर्ज करा. त्यानंतर या वर्षी नाही. अर्जावर नंबर हवा."

"नंबर तर बंद केला आहे."

"मग दुसरा लिहा."

"दुसऱ्या नंबरात तो मावत नाही."

बाई म्हणाल्या, "सर, नंबरात कोणी मावत नसतं."

मी त्यांना जर्सींच्या गठ्ठ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग दहा जानेवारी ही तारीख पुन्हा सांगितली.

नवी जर्सी मागवायची तर आमच्या हिरव्या रंगाच्या जर्सी विणणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता, आणि सगळ्यांचा रंग एक हवा हा नियम. शेवटी विल्माने सव्वीस नंबरची जर्सी उसवून दोन्ही बाजूंना आमच्या बैठकीच्या खोलीतल्या पडद्याच्या पट्ट्या जोडल्या. रंग बराचसा जुळला. नाताळच्या आदल्या दिवशी ओरेस्ट ती घालून पाहायला आला. समोरून उत्तम दिसत होती. विल्मा म्हणाली, "हात वर कर बघू." ओरेस्टने हात वर केले आणि पडदा काखेपासून कमरेपर्यंत फाटला.

"पडदा चांगला होता काकू," तो ओशाळून म्हणाला आणि दोन वाट्या सूप पिऊन गेला. तेव्हापासून आमच्या एका खिडकीला पडदा नाही आणि हार्वीला आमच्या घरातलं सगळं दिसतं.

"त्या जाड्याला गोलरक्षक करा," हार्वीने दुसऱ्या दिवशी फावड्यावरून सुचवलं. "गोलरक्षकाची जर्सी ढगळ असते."

"त्याला वाकता येत नाही."

"वाकायचं कशाला? नुसता उभा राहिला तरी जाळं झाकेल."

सहा जानेवारीला डोरीनने सोहळ्याच्या तयारीसाठी सभा बोलावली. सोहळा बारा तारखेला होता. पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, कोणी किती करायच्या हे ठरलं, कोबीच्या गुंडाळ्यांवरून थोडं वाजलं आणि मग डोरीन म्हणाली, "आता मास्तर दोन शब्द बोलतील."

मी उठलो. सभेत बोलायची माझी पद्धत अशी, की मी कागद हातात धरतो आणि तो थरथरतो, म्हणून लोक कागदाकडे बघतात आणि माझं तोंड सुटतं. मी साप्ताहिकात न छापलेले दोन परिच्छेद वाचून दाखवले.

"थांबा," डोरीन म्हणाली. "म्हणजे मास्तर, तुम्ही मुळात विरुद्ध होतात?"

"होतो."

"आणि समितीचे प्रमुख झालात?"

"तुम्ही केलंत. मी नाही म्हणालो नाही, ही माझी चूक."

"मग आता काय? विरुद्धच का?"

"आता तेवढा नाही," मी म्हणालो. लोक हसले. मला राग आला. मला राग क्वचित येतो आणि आल्यावर काय करायचं ते ठाऊक नसतं, म्हणून मी नुसतं बोलत राहिलो. ती जर्सी कोणाची, अर्ज कोणी भरला, यादीतून नाव कोणाचं गेलं, सगळं सांगितलं. ओरेस्ट मागच्या रांगेत होता. सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले तसा तो बुटांकडे बघू लागला.

"ब्रॉक मुलगा गुणी आहे," मी म्हणालो. "ते नऊ सामने मीही विसरलेलो नाही. पण त्या नऊ सामन्यांसाठी या माणसाची एकोणीस वर्षं टांगायची, हे मला झेपत नाही."

"अहो मास्तर, एक काहीतरी सांगा," हार्वी ओरडला. "नंबर बंद करायचा, हो की नाही?"

आयुष्यभर मला हा प्रश्न टाळता आला होता. मी कागद घडी करून खिशात घातला.

"नऊ सामने," मी म्हणालो.

"काय नऊ सामने?"

"जितके खेळला तितके दिवस बंद. बाराला जर्सी वर चढवायची. नऊ सामने वर राहील. दहाव्याला खाली."

मला वाटलं, आता घरी जावं. मग डोरीनने पेन्सिल कानामागून काढली.

"म्हणजे सोहळे दोन," ती म्हणाली. "एक चढवायचा, एक उतरवायचा."

"तसं म्हणता येईल."

"दोन्हींना जेवण."

"ठेवता येईल."

"मला पटतंय," डोरीन म्हणाली आणि मागे वळली. "ओरेस्ट, तू नऊ सामने बसशील?"

ओरेस्ट उभा राहिला. त्याच्या मागे बसलेल्यांना काही दिसेनासं झालं. "बसेन की," तो म्हणाला. "तेव्हाही नऊ बसलो होतो, खांदा बांधून. फार सुंदर खेळत होता पोरगा. त्याच्यासाठी अजून नऊ बसायला माझी ना नाही." मग बसता बसता म्हणाला, "पण दहाव्याला खेळेन मी."

नऊ तारखेला मी अर्ज स्वतः गाडी चालवून कार्यालयात नेऊन दिला. जाऊन येऊन पाच तास लागले, उणे एकतीस तापमानात. नावाच्या रकान्यात या वेळी नाव लिहिलं, नंबराच्या रकान्यात पुन्हा '२८'.

सोहळा छान झाला. मावशीने दोरी ओढली, ब्रॉकच्या सही केलेल्या स्टिकसमोर लोकांनी फोटो काढले आणि ओरेस्टने कोट-टाय घालून दिवे कमीजास्त केले. त्यानंतर सामना झाला आणि आम्ही नऊ गोलांनी हरलो.

पहिल्या पराभवाला कोणी काही म्हणालं नाही. दुसऱ्याला लोक म्हणाले, गोलरक्षकाची झोप झाली नसेल. तिसऱ्या सामन्यात समोरच्या संघाचा एक किडकिडीत पोरगा डाव्या कुंपणाच्या कडेने आरामात सरळ आमच्या जाळ्यापर्यंत आला, जसा काही पोस्टात पत्र टाकायला निघालाय, आणि गोल करून गेला. मग तसाच पुन्हा आला. चौथ्यांदा आला तेव्हा माझ्या मागे बसलेला हार्वी म्हणाला, "इथे आधी कोणीतरी असायचं ना?"

"असायचं," मी म्हणालो.

एकोणीस वर्षं त्या कुंपणाच्या कडेने कोणी आलंच नव्हतं, म्हणून तक्त्यात त्याची नोंद नव्हती. न झालेल्या गोलाला रकाना नसतो. मी याचा पुष्कळ विचार केला आणि नवा रकाना आखूनही पाहिला, पण त्यात काय लिहायचं ते जमेना.

नऊपैकी आठ हरलो. जिंकलो तो सामना समोरच्यांची बस बर्फात अडकल्यामुळे. डोरीनच्या दुकानात माझा परिच्छेद काढून तिथे खडूने आकडा लिहायला सुरुवात झाली: उरले पाच, उरले चार. पाठिंबा देणारे आणि विरोध करणारे दोघेही मलाच विचारू लागले, की नऊ कशाला काढलेत, सहा पुरले नसते का. फक्त ओरेस्ट काही म्हणाला नाही. तो प्रत्येक सामन्याला दाराशी उभा राहून बघायचा आणि मधल्या सुट्टीत यंत्र घेऊन बर्फ गुळगुळीत करायचा. डाव्या कुंपणाच्या कडेला जरा जास्त वेळ.

दहाव्या सामन्याला जागा पुरली नाही. जेवण आधी झालं. मग ओरेस्टने अंगात सगळं सामान घालून, फक्त स्केटऐवजी बूट ठेवून, दोरी सोडली. जर्सी अर्ध्यात अडकली. तो शिडी घेऊन आला, वर चढला, तिची बाही कप्पीतून सोडवली आणि तिथेच उभ्याउभ्या ती अंगात घातली, कारण खाली आणून पुन्हा घालण्यात वेळ गेला असता. ब्रॉकच्या मावशीने टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांच्या तोंडात पिरोगी होत्या.

सामन्याच्या सातव्या मिनिटाला समोरचा एक खेळाडू डाव्या कुंपणाच्या कडेने आला. त्याला आमच्या गेल्या महिन्याच्या बातम्या कळल्या असाव्यात, कारण तो मजेत येत होता. ओरेस्टने काही विशेष केलं नाही. तो दोन हात सरकला आणि उभा राहिला. पोरगा त्याच्यावर आपटला आणि बर्फावर बसला. ओरेस्टही बसला, गुडघ्यामुळे. चेंडूऐवजी असते ती काळी चकती घरंगळत तिसऱ्याच बाजूला गेली.

आणि सगळी रिंक उठून उभी राहिली. साडेतीनशे माणसं, हार्वीसकट, हातमोजे काढून टाळ्या वाजवत होती.

ओरेस्ट कुंपणाला धरून सावकाश उठला. कोणी गोल केला का, म्हणून त्याने आधी दोन्ही जाळ्यांकडे पाहिलं. तिथे काही झालं नव्हतं. मग टाळ्या कोणासाठी, ते बघायला त्याने मान वर करून छताकडे पाहिलं. वर नुसती दोरी लोंबत होती, जर्सी तर त्याच्याच अंगात होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.